तिसरी हाक कुणी ऐकली

५ जानेवारी १९९३ रोजी आमच्या कारखान्याच्या नाट्यमंडळाने सभागृहाच्या आगाऊ भाड्यापोटी सहाशे पंचेचाळीस रुपये भरले. पावती माझ्या नावावर होती, कारण मंडळाचा खजिनदार मी होतो. तारीख मिळाली होती, पडदा आणि दिवे भाड्यातच धरले होते. नाटक तेवढं नव्हतं.

आमचा कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवायचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशेब विभागात होतो, आजही तिथेच आहे. नाटकाशी माझा संबंध खर्चापुरता. पण ज्या बाईंविषयी लिहायला बसलो आहे त्यांची ओळख मला नाटकामुळेच झाली, म्हणून तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

त्यांना सगळे बोर्डबाई म्हणत. जिन्याखालच्या खोलीत कारखान्याचा टेलिफोनचा बोर्ड होता. जुन्या पद्धतीचा, भोकाभोकांचा, दोऱ्या खुपसून जोडायचा. नवीन यंत्र घ्यावं असा ठराव दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचा. त्या बोर्डासमोर बाई बावीस-तेवीस वर्षं बसल्या होत्या. बांधा किरकोळ, चष्मा जाड, आणि आवाज असा की हळू बोलल्या तरी शब्द न् शब्द कानात पडावा. घरी त्यांची सासू ठार बहिरी. बाई म्हणायच्या, "घरी ओरडायचं आणि कामावर कुजबुजायचं. मधल्या आवाजात मी फक्त रस्त्यात बोलते."

या आवाजामुळे नाटकात विंगेतून वाक्यं सांगायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. आमच्या नटांना पाठांतराचा कंटाळा. बाई आहेत म्हटल्यावर कुणी वही उघडेना. विंगेतून येईल ते बोलायचं अशी सवयच लागली. एकदा बाईंनी पडदा ओढणाऱ्याला हळूच सांगितलं, "अरे, पाय काढ दोरीवरून," आणि रंगमंचावरचा राजा भर दरबारात प्रधानाला म्हणाला, "अरे, पाय काढ दोरीवरून." प्रधानाने पाय काढला. आम्हाला त्या वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

संहिता आयत्या वेळी फाटायची, तीही बाईच शिवायच्या. तिसऱ्या अंकात मेलेला माणूस चौथ्यात बोलतो, हे त्यांनाच आधी दिसायचं. त्यामुळे १९९३ च्या नाट्यस्पर्धेने "ओळखीची गोष्ट, नव्या पायावर" असा विषय दिला तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी लेखनाचं काम त्यांच्यावरच टाकलं. अध्यक्ष म्हणजे कारखान्याचे प्रशासन अधिकारी. उंच, नीटनेटके, बोलायला गोड. नाटकातला वडीलधारा माणूस नेहमी तेच करत. गोष्ट त्यांनीच सुचवली: लांडगा आला रे आला. सगळ्यांना ठाऊक, तासाभरात बसणारी, आणि मेंढ्या विंगेत ठेवल्या तर वेशभूषेचा खर्च नाही. शेवटचं कारण माझं होतं.

बाईंनी कागद घेतले आणि आठ दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कोरेच परत आणले. माझ्या टेबलासमोर बसल्या.

"हिशेबनीस, ह्या गोष्टीचा पाया कच्चा आहे."

मी म्हटलं, इतकी वर्षं चाललेल्या गोष्टीचा पाया कच्चा कसा असेल? त्या म्हणाल्या, आपला जिनाही इतकी वर्षं चाललाय, मी त्याच्याखाली बसते, मला विचारा.

मग त्या एकेक वीट हलवून बघू लागल्या. पोरगा खोटं ओरडला, का ओरडला? गंमत म्हणून, असं गोष्ट सांगते. पण उभा दिवस रानात एकटा असलेला माणूस कशाला गंमत करील? त्याला काहीतरी दिसलं असेल, झुडूप हललं असेल. मी हिशेबाच्या अंगाने विचारलं, नुकसान कुणाचं झालं? मेंढ्या गावाच्या. मग गावाने रखवालीला एकच माणूस का ठेवला? त्यांनी ते लिहून घेतलं. पोरगा नको, पंचेचाळीस वर्षांचा पगारी गडी करू, म्हणाल्या. पोराला खोडकर म्हणून हसता येतं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला हसलं की ते हसू त्याच्या घरी जातं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. या वेळी डबा न उघडताच बोलल्या.

"खरी गोची तिसऱ्या हाकेत आहे. दोन हाका खोट्या, तिसरी खरी. खऱ्या हाकेचा आवाज वेगळा असतो. तो गावात कुणालाच कळला नाही? एकालाही नाही?"

"कळला असता तर कुणीतरी गेलं असतं ना," मी म्हटलं.

"तेच. कळला आणि तरी गेलं नाही. का गेलं नाही, ते नाटक."

या ठिकाणी मला थांबून दुसऱ्या एका माणसाविषयी सांगायला हवं. तो माणूस नसता तर बाईंनी नेहमीसारखी संहिता शिवून दिली असती आणि मी हे लिहीत नसतो.

आमच्या फाटकावर एक रखवालदार होता. त्याला सगळे लांडगा म्हणत. समोरच म्हणत, आणि तो ओ द्यायचा. एका बाजूची भुवई नाही, त्यामुळे चेहरा कायम काहीतरी विचारतोय असा. मी नोकरीला लागलो तेव्हा मला वाटलं हे त्याच्या दिसण्यावरून पडलेलं नाव असेल. पुढे कळलं. पूर्वी तो रद्दीच्या गोदामाचा रखवालदार होता. एकदा त्याने धूर दिसतोय म्हणून बोर्डावर फोन केला, बंब आला, तर तो धूर भिंतीपलीकडच्या भट्टीचा निघाला. काही महिन्यांनी जळका वास येतोय म्हणून फोन केला, पुन्हा बंब आला, तर डिंकाची कढई कुणीतरी तापत ठेवलेली. बंबवाल्यांनी साहेबांना चार शब्द सुनावले. मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याचा तिसरा फोन आला. कारखाना बंद, बोर्डावर बाई, आणि वर एकच अधिकारी हजर. बाईंनी त्यांना सांगितलं, "साहेब, ह्या वेळी आवाज वेगळा आहे." अधिकारी म्हणाले, "तिसऱ्यांदा बंब बोलावला तर आपलं हसं होईल. आधी माणूस पाठवून खात्री करा." माणूस सायकलवर गेला. गोदाम कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. तो परत येईपर्यंत गोदाम संपलं होतं. रखवालदार एकटाच जळते गठ्ठे ओढून काढत होता, त्यात त्याची भुवई गेली.

चौकशीत बाईंना फोन किती वाजता आला एवढंच विचारलं. आवाजाविषयी त्या सांगायला लागल्या तर चौकशीवाले म्हणाले, ते आमच्या कक्षेत येत नाही. वारंवार खोटी सूचना देऊन यंत्रणेचा विश्वास घालवला, असा ठपका रखवालदारावर आला. गोदामावरून फाटकावर. त्या दिवसाचे अधिकारी पुढे चढत गेले आणि आमचे प्रशासन अधिकारी झाले. म्हणजे मंडळाचे अध्यक्ष.

हे सगळं मला बाईंनी त्या दिवशी सांगितलं. मी विचारलं, तुम्ही नाटक मुद्दाम तिकडे वळवताय का? त्या म्हणाल्या, "मी कुठे वळवतेय? गोष्ट त्यांनीच दिली माझ्या हातात. बहुतेक विसरलेत. ज्याची भुवई गेली तो विसरत नाही."

नाटक लिहून झालं तेव्हा त्यांनी मला घरी वाचनाला बोलावलं. शिंपीकामाच्या दुकानावर दोन खोल्या. त्यांचे यजमान टेलर, मास्तर म्हणत त्यांना. पहिल्या खोलीत शिलाईचं दुसरं यंत्र, कपड्यांचे ढीग, आणि खिडकीशी सासूबाई. मास्तर काजं करता करता ऐकत होते. सासूबाईंना प्रत्येक प्रवेशाचा सारांश बाई ओरडून सांगत, तो खाली दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही कळत असणार.

नाटकात आता एक बाई आली होती, गावातली पाणी भरणारी. पहिल्या दोन हाकांना सगळ्यांत आधी तीच धावली होती आणि सगळ्यांत जास्त तिलाच हसले होते. तिसऱ्या हाकेला ती उठते, घागर खाली ठेवते, गावप्रमुखाकडे जाते. म्हणते, आवाज वेगळा आहे. गावप्रमुख म्हणतो, तिसऱ्यांदा गेलो तर आपलं हसं होईल. आणि ती परत येऊन घागर उचलते.

"लांडग्याला गावात कुणीच भीत नव्हतं," बाई मला म्हणाल्या. "सगळे हसण्याला भीत होते. गोष्टीचा पाया तो. बाकी लांडगा काय, येतो आणि जातो."

इथे नाटक संपत होतं. सासूबाईंनी खुणेने विचारलं, झालं? मग म्हणाल्या, "मेंढ्या गेल्या?"

"गेल्या," बाई ओरडल्या.

"आणि गडी?"

"तो वाचला."

"मग दुसऱ्या दिवशी त्याला भाकरी कुणी दिली?"

मास्तरांनी सुई थांबवली आणि म्हणाले, "घ्या. आईने चौथा अंक मागितला." बाईंनी माझ्या हातातून शेवटचा कागद काढून घेतला. लांडगा येऊन गेल्यावरची सकाळ कुठल्याच गोष्टीत नसते, आणि गड्याला तर त्याच गावात राहायचं असतं. तो शेवट त्यांनी नंतर लिहिला आणि मला दाखवला नाही.

मास्तरांना मी निघताना हळूच विचारलं की हे नोकरीवर तर येणार नाही ना. ते म्हणाले, "तिची नोकरी गेली तर माझं दुकान आहे. दुकान गेलं तर तिची नोकरी आहे. दोन्ही गेलं तर आई आहे, तिला काही ऐकू येणार नाही."

पहिलं वाचन मंडळाच्या खोलीत झालं. गावप्रमुखाचं काम अर्थातच अध्यक्षांचं. ते छान वाचत होते, आवाज लावून, मधूनमधून हात करून. तिसऱ्या हाकेच्या प्रवेशात पाणी भरणारी बाई म्हणाली, "आवाज वेगळा आहे." अध्यक्ष वाचू लागले, "तिसऱ्यांदा गेलो तर आपलं..." आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, इथे प्रकाश कमी आहे, उरलेलं उद्या वाचू. दिवसाचे अकरा वाजले होते.

उद्याचं वाचन झालं नाही. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि खर्चाचा प्रश्न निघाला तर असावा म्हणून मलाही. ते रागावले नव्हते. त्यांनी सरळ कारणं मांडली. प्रेक्षकांत कामगारांची मुलं असतात. खोटं बोलू नये, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ. ही पाणी भरणारी बाई मध्ये आली की दोष गावावर जातो आणि मुलं गोंधळतात. तिला काढावं आणि शेवटी वडीलधाऱ्याच्या तोंडी तात्पर्य घालावं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि बाई, जुनी मढी उकरण्यात काय आहे?"

"मढं असतं तर पुरलेलंच राहू दिलं असतं, साहेब," बाई म्हणाल्या. "तो माणूस रोज सकाळी तुमच्या गाडीला फाटक उघडतो."

अध्यक्षांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला. मग जे बोलले ते, मला आजही वाटतं, चुकीचं नव्हतं.

"तुम्हाला आवाज कळला होता ना? मग तुम्ही का नाही बंबाला फोन लावलात? दोरी तुमच्या हातात होती."

मला वाटलं बाई आता गप्प बसतील. त्यांनी मान डोलावली.

"तेच तर लिहिलंय. तुमचं त्यात एक वाक्य आहे. माझी अख्खी भूमिका आहे."

अध्यक्षांनी तोड काढली. पाणी भरणारी राहू दे, प्रवेश राहू दे, फक्त ते एक वाक्य बदला. 'आपलं हसं होईल' ऐवजी गावप्रमुख काहीही म्हणू दे; अंधार पडलाय म्हणू दे, पाय दुखतोय म्हणू दे. बदललं तर नाटक ठरल्या दिवशी होईल, दिवे वाढवून देऊ. न बदललं तर मंडळ हे नाटक करणार नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्याखालच्या खोलीपर्यंत समजावत गेलो. एका वाक्याने काय बिघडतं? बाकी सगळं तर राहतंय. पाचशे माणसं बघतील, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शहाण्याला शब्दाचा मार.

"मग तोच शब्द काढून शहाण्याला काय मारू?" त्या म्हणाल्या. "पाय दुखत होता म्हणून गेला नाही, तर तो माणूस वाईट. हसं होईल म्हणून गेला नाही, तर तो आपल्यासारखा. हिशेबनीस, तुम्ही बेरजेतला एकच आकडा काढून बघा आणि मला सांगा बाकी सगळं तर राहतंय."

त्यांनी संहिता परत घेतली. नाट्यमंडळाने त्या तारखेला जादूच्या प्रयोगांचा कार्यक्रम ठरवला. कारखान्यात चर्चा झाली, कुणी म्हणालं बाईंना लेखिका झाल्याचं वारं लागलं, कुणी म्हणालं नाकापेक्षा मोती जड. रखवालदाराच्या कानावर गेलंच. त्याने बाईंना येऊन सांगितलं की माझ्यासाठी भांडू नका, मला त्या नावाची सवय झाली आहे. बाई म्हणाल्या, "तुम्हाला झाली असेल. मला नाही झाली."

पुढच्या सोमवारी वायरमन माझ्याकडे धावत आला. बाई काहीतरी भलतं करतायत, चला. जेवणाची सुट्टी नुकतीच लागली होती. मी जिन्याखाली गेलो तर बाई एकेका विभागात फोन लावत होत्या. कटाई, छपाई, डिंकखाना, माल रवाना करणारे, उपाहारगृह, फाटक. प्रत्येकाला एकच सांगत होत्या, त्या शांत आवाजात: "आज जेवताना रिसिव्हर टेबलावर आडवा ठेवा. एक गोष्ट आहे. नको असेल तर ठेवून द्या, राग नाही." आणि दोरी तशीच खुपसून ठेवत होत्या.

वायरमनला नियमभंगापेक्षा तांत्रिक काळजी जास्त होती. जितक्या दोऱ्या एकत्र जोडाल तितका आवाज बारीक होतो, सात-आठच्या पुढे काही पोचणार नाही, तो सांगत होता. ऐकवायचंच असेल तर ती लाल कळ दाबा, सगळ्या विभागांत एकदम खणखणीत जाईल. लाल कळ आगीसाठी होती. गोदाम जळल्यावर बसवलेली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "ती खऱ्या लांडग्यासाठी आहे," म्हणाल्या. "गोष्टीसाठी ती दाबली तर तुम्हीच उद्या मला नाव ठेवाल, आणि बरोबर ठेवाल."

मी त्यांना थांबवायला गेलो होतो. खोलीत एकच जादा स्टूल होतं, त्यावर बसलो, आणि त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवले. पानं उलटत जा म्हणाल्या. अकरा दोऱ्या लागल्या होत्या. बाहेरून येणाऱ्या फोनसाठी एक मोकळी ठेवली होती. सर्वांत शेवटी त्यांनी प्रशासन अधिकाऱ्यांची दोरी उचलली.

"साहेब, ते नाटक वाचतेय. तुमचं वाक्य आहे तसं आहे. जोडू का? नाहीतर ठेवून द्या."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बोर्डावर त्यांच्या नंबराचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

बाईंनी नाटक वाचलं. सगळ्या भूमिका एकट्यानेच. इतकी वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा तो आवाज मी पहिल्यांदाच स्वतःसाठी बोलताना ऐकला. गड्याची पहिली हाक त्यांनी घाबरी दिली, दुसरी बिचकत. मध्येच बाहेरचा फोन आला, तेव्हा "थांबा हं" म्हणून त्यांनी तो घेतला, पाचशे खोक्यांची मागणी माल रवाना करणाऱ्यांकडे जोडायला गेल्या, तर तिकडचा माणूस म्हणाला गोष्ट संपू दे, मग बघतो. बाईंनी त्याला झापलं, आधी गिऱ्हाईक, आणि मागणी नोंदवून झाल्यावरच पुढे सुरू केलं. वायरमन डिंकखान्यापर्यंत जाऊन आला. तिथे तीस माणसं एका रिसिव्हरभोवती डोकी घालून बसली आहेत, कुणी चावतसुद्धा नाही, म्हणाला.

मग तिसरी हाक आली. बाईंनी आवाज चढवला नाही, उलट उतरवला. मला आगीच्या दिवशीचा तो फोन ऐकायला मिळाला नव्हता, पण तसाच आला असणार हे कळलं. पाणी भरणाऱ्या बाईने घागर ठेवली. गावप्रमुख म्हणाला, तिसऱ्यांदा गेलो तर आपलं हसं होईल. मी बोर्डाकडे पाहिलं. दिवा विझला नव्हता. पाणी भरणाऱ्या बाईने घागर उचलली.

उरलं होतं ते मी न वाचलेलं शेवटचं पान. सकाळ झाली आहे. रिकाम्या वाड्याशी गडी बसला आहे. लोक येतात, मोजतात, बोलतात, जातात. शेवटी पाणी भरणारी बाई येते. त्याच्यापुढे भाकरी ठेवते. तो म्हणतो, मी ओरडलो होतो. ती म्हणते, "मला ऐकू आलं होतं."

बाईंनी कागद मिटला, "संपली, ठेवून द्या," म्हणाल्या आणि एकेक दोरी काढू लागल्या. दिवे विझत गेले. प्रशासन अधिकाऱ्यांचा त्यांनी काढायच्या आधीच विझला. फाटकाचा मात्र पुन्हा लागला. बाईंनी फोन घेतला. खोली लहान होती, आणि रखवालदार टेलिफोनवर ओरडून बोलणाऱ्यांपैकी, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बाई, शेवटचं वाक्य पोचलं नाही. बारीक झालं. काय म्हणाली ती?"

आता बोर्डावर तो एकच दिवा होता. बारा दोऱ्यांत वाटला गेलेला आवाज आता सगळा त्यालाच मिळणार होता.

"मला ऐकू आलं होतं," बाई म्हणाल्या.

मग तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

यानंतर कारखाना बदलला असं मी लिहिणार नाही. डिंकखान्यातल्या लोकांनी त्याला लांडगा म्हणणं सोडलं. छपाईवाले विसरून म्हणायचे आणि जीभ चावायचे. काही जण म्हणतच राहिले, पालथ्या घड्यावर पाणी. प्रशासन अधिकाऱ्यांची गाडी दुसऱ्या दिवशी फाटकात थांबली आणि ते खाली उतरले. पाच-सात मिनिटं दोघं उभे होते. काय बोलणं झालं असं मी रखवालदाराला विचारलं, तर म्हणाला, पावसापाण्याचं. महिनाभराने तो नव्या गोदामावर परत गेला. त्याच्या हुकमात कारण लिहिलेलं नव्हतं. बाईंना ते लागलं. गोदामावरून काढलं तेव्हाही कारण लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, म्हणाल्या.

बाईंना नोटीस आली. कंपनीच्या यंत्रणेचा खासगी वापर, सबब अर्ध्या तासाचा पगार कापण्यात येत आहे. नाटकाविषयी त्यात अवाक्षर नव्हतं. कपातीचं गणित माझ्या टेबलावर आलं आणि मीच केलं. पाच रुपये सत्तर पैसे. बाईंनी उत्तरात लिहिलं की यंत्रणा वापरली हे कबूल, त्याची काय शिक्षा असेल ती द्या, ताकीद द्या, बोर्डावरून काढा. पण तो अर्धा तास जेवणाच्या सुट्टीचा होता. सुट्टीचा पगार कंपनी देत नाही, मग कापते कुठून?

मुद्दा बिनतोड होता. मी तसा शेरा मारून कागद वर पाठवला. वरून तो "पाहिले" असा होऊन परत आला. परताव्याचा आदेश कुणी काढला नाही, कारण आदेशात कपात चुकीची होती असं लिहावं लागलं असतं. मी खिशातून सहा रुपये देऊ केले. "माझे पैसे तुमच्याकडे नाहीत," त्या म्हणाल्या.

बाई निवृत्त झाल्या. बोर्ड गेला, जिन्याखाली आता झाडू आणि बादल्या असतात. रखवालदार गेला, ते प्रशासन अधिकारीही निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. सासूबाई गेल्या. मास्तर अजून काजं करतात, बाई आता मास्तरांशीही ओरडून बोलतात. दर वर्षी हिशेब बंद व्हायच्या सुमाराला त्यांचं एक कार्ड येतं. त्यात मागणी असते, कारण असतं, आणि खाली सही. मी शेरा मारतो, कागद वर जातो, खाली येतो. नवे साहेब विचारतात, एवढ्याशा रकमेचं काय घेऊन बसल्या आहेत या बाई? मी सांगतो, रकमेचं नाही, आदेशाचं. मग ते म्हणतात, बघू.

येत्या मे महिन्यात मीही निवृत्त होतोय. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला मी कागद समजावून दिला आहे. कंपनी बोर्डबाईंना पाच रुपये सत्तर पैसे देणं लागते.